दुसऱ्याच्या घरची प्रार्थना-विनंती

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझ्या आईनं मी सात वर्षांची असतानाच शेजारपाजारी जाहीर केलं होतं. पुढे रेल्वेनं मला झाशी स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि याच दोषावर माझं पोट चालू लागलं. गाडी किती वाजता, किती उशिरा, कुठल्या फलाटावर, हे मी एकतीस वर्षं लोकांना सांगत राहिले. विचारलं तरी सांगायचं आणि नाही विचारलं तरी सांगायचं. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, सवय कुठली जायला.

आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. लग्न करून मी झाशीला आले, कारण नवरा इथल्या रेल्वेत होता. इथले मराठी लोक मला विचारायचे, "तुम्ही मराठी ना? मग चर्चमध्ये कशा?" आणि चर्चमधल्या बायका विचारायच्या, "आप मराठी हैं? तो गणपति में क्या करती हैं?" दोन्हीकडे मी थोडी थोडी पाहुणीच. पण पाहुण्याला निदान गप्प बसायचं भान असतं, ते मला नव्हतं.

चर्चच्या बायकांची सभा गुरुवारी दुपारी असते, अर्थात हिंदीत. गाणी होतात, वाचन होतं, आणि शेवटी प्रत्येकीनं प्रार्थना-विनंती सांगायची असते. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाची बदली. दुसऱ्या कुणासाठी विनंती असेल तर नाव घ्यायचं नाही, 'एक बहन' म्हणायचं, असा नियम. नियम चांगला आहे. पण माझ्यासारखीच्या हातात पडल्यावर नियमाचं काय होतं ते सांगते.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मराठी घर आहे. पूर्वज पेशव्यांच्या काळात कारभारासाठी इकडे आले ते इथलेच झाले. मुलं घरात मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात, पण वहिनी मात्र अजून 'माजघर' आणि 'ओसरी' म्हणतात, दोन खोल्यांच्या घरातसुद्धा. वहिनींचे यजमान इलाइट चौराह्याजवळच्या एका कार्यालयात कारकून. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी वहिनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, हे प्यायला लागलेत." ऑफिस सुटलं की सरळ दुकान, मग घर. दोनदा स्कूटरवरून पडले होते. एकदा मुलीच्या मैत्रिणींसमोर.

मी त्यांचा हात धरला. त्यांच्याबरोबर रडलेसुद्धा, आणि ते रडणं खोटं नव्हतं. निघताना त्या म्हणाल्या, "हे फक्त तुम्हाला आणि आमच्या धाकटीला सांगितलंय." धाकटी म्हणजे त्यांच्या दिराची बायको, त्यांची धाकटी जाऊ. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या होत्या; धाकटी वहिनींना इकडच्यासारखं 'जिज्जी' म्हणायची. मी म्हटलं, "काळजी करू नका, मी प्रार्थना करीन."

प्रार्थना मी घरी, दार लावून, एकटी करू शकले असते. पण दोन दिवसांनी गुरुवार होता.

"एक बहन है," मी सुरुवात केली, "मराठी है, हमारे बिलकुल बग़ल में रहती है। नाम नहीं लूँगी।" आमच्या बगलेत मराठी घर एकच. पुढे मी ऑफिस सांगितलं, दुकान सांगितलं, दोनदा पडले ते सांगितलं, कारण तपशील नसेल तर बायकांनी नेमकी प्रार्थना कशी करायची? एकीनं हळूच विचारलं, "वो हरी स्कूटर वाले?" मी म्हटलं, "नाम नहीं लूँगी," आणि मान हलवली. होकारार्थी. सगळ्या जणींनी डोळे मिटले, मीही मिटले, आणि आपण केवढं पुण्य केलं असं वाटून मी त्या दिवशी घरी येताना जिलबी घेतली.

महिन्याभरात वहिनी कापडाच्या दुकानात उभ्या असताना एका अनोळखी बाईनं त्यांचा दंड धरला. "बहनजी, हिम्मत रखिए। शराब बहुत घर खा गई," असं ती दुकानदारासमोर म्हणाली. नंतर यजमानांच्या ऑफिसातही कुणीतरी टोमणा मारला. वहिनी घरी आल्या त्या सरळ माझ्याकडे. चेहरा पांढरा पडला होता. "ताई, धाकटीनंच बाहेर सांगितलं. दोघींनाच तर ठाऊक होतं. आणि तुम्ही तर देवाचं माणूस."

माझ्या हातात आमटीचा डाव होता. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं: कोण बोललं, कुठे बोललं, कुठली बाई कुणाची नणंद. मी डाव पातेल्यात ठेवला आणि म्हणाले, "माणसाचा काही भरवसा नाही हो."

हे वाक्य मी यंदापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. एवढी बोलकी मी, आणि एवढं एक वाक्य नऊ वर्षं पोटात ठेवलं. म्हणजे ठेवता येतं तर.

धाकटीनं मुलांच्या शपथा घेतल्या, रडली, पाया पडली. वहिनींनी विश्वास ठेवला नाही. पुढे धाकटीच्या नवऱ्याला झाशीबाहेर बिजौलीच्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं आणि ते तिकडेच राहायला गेले. दिवाळीला येणं-जाणं बंद झालं. सासूबाई गेल्या तेव्हा दोघी एका खोलीत बसल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. नंतर श्राद्धसुद्धा दोन घरांत वेगवेगळं होऊ लागलं. मी दर वर्षी वहिनींना दूध आणि केळीची पानं आणून दिली. मदतीला मी नेहमी पुढे.

यंदा ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत आमच्या पादरीसाहेबांनी सगळ्या मंडळीला एक काम दिलं. पश्चात्ताप आणि क्षमा यांची गोष्ट आपल्याला मिळाली आहे, ती आपण पेटीत बंद करून ठेवली आहे, निदान एका माणसापर्यंत ती न्या, असं ते म्हणाले. हल्लीचे दिवस कसे आहेत ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्यांनी तीनदा बजावलं: पत्रकं वाटायची नाहीत, कुणाला चर्चला बोलवायचं नाही, धर्माचा विषय काढायचा नाही. फक्त कुणाच्या मनात गाठ असेल तर तिथे बसा, ऐका, आणि क्षमेबद्दल आपल्या अनुभवातलं काही असेल तर बोला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या सणाला, ज्यांना वाटेल त्यांनी उभं राहून गवाही द्यावी. गवाही म्हणजे आमची मराठी साक्ष.

'आपल्या अनुभवातलं' हा शब्द माझ्या कानाला लागलाच नाही. मला ऐकू आलं ते फक्त 'बोला' आणि 'उभं राहून'. मागच्या वर्षी एका बाईनं तीन गवाह्या दिल्या होत्या आणि माझी एकही नव्हती, हे मला वर्षभर सलत होतं.

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. दूधवाल्याला म्हटलं, भैया, कधी कुणाचं काही चुकलं असेल तर मन मोकळं करावं. तो म्हणाला, "माताजी, पानी की बात है तो भगवान जानता है, आप काहे पूछ रही हैं?" आणि दुसऱ्या दिवसापासून दूध खरंच घट्ट आलं, पण ती गवाहीत घालण्यासारखी गोष्ट नव्हती. मग स्टेशनवरचे माझे जुने सहकारी बाजारात भेटले. त्यांना विचारलं, आयुष्यात कसला पश्चात्ताप वाटतो का? ते म्हणाले, "बहनजी, एक ही पछतावा है। साली की शादी में आपसे पूछकर गाड़ी पकड़ने गया था।" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, त्याचं फळ हे असं मिळतं.

मग मला वहिनी आठवल्या. त्यांच्या मनात गाठ होती, आणि ती कुठे आहे हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

होळी नुकतीच झाली होती. होळीला इथे माणसं वर्षभराचं भांडण गुलालाबरोबर मिटवतात. शत्रूच्या दारात जाऊन गळाभेट घेतात. पण वहिनी त्याही दिवशी बिजौलीला गेल्या नव्हत्या. मी गेले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि बोलायला लागले, आणि खरं सांगते, मी फार चांगलं बोलले. मनात राग धरला की आपलंच रक्त आटतं. मोठ्यांनी मोठेपणा घ्यावा. माफ केल्यानं आपलंच ओझं उतरतं. बोलता बोलता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. वहिनींचे हात तांदळात थांबले होते.

"ताई, खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली. मलाही आता झेपत नाही. परवा बिजौलीला जाऊ या. तिला माफ केलं म्हणून सांगते. तुम्ही चला बरोबर, तुम्ही असलात की मला धीर येतो."

घरी येऊन मी चहा ठेवला आणि मनातल्या मनात गवाहीचा पहिला परिच्छेद रचला. त्यात वहिनींचं नाव अर्थातच नव्हतं. 'एक बहन' होती. तिथे मी अडखळले. बाहेर बोलले ती मीच, हे मला वहिनींच्या घरी आठवलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आठवलं होतं. तांदूळ निवडणारे त्यांचे हात पाहतानाच आठवलं होतं. फक्त ओघ इतका छान लागला होता की मध्ये थांबावंसं वाटलं नाही. माझ्या पापाबद्दल वहिनी धाकटीला माफ करणार होत्या, आणि पुरोहित मीच होते.

पुढचे दोन दिवस मी सांगायला तीनदा निघाले. एकदा त्यांच्याकडे पाहुणे होते. एकदा यजमान घरी होते. तिसऱ्यांदा कुणी नव्हतं, म्हणून मी कोथिंबीर मागितली आणि परत आले. रात्री प्रार्थनेला बसले तर तोंडातून एवढंच निघालं, "प्रभू, ती धाकटी उद्या घरी नसू दे." इतक्या वर्षांच्या भक्तीनंतर ही माझी प्रार्थना.

धाकटी घरी होती.

शेअर ऑटोनं आम्ही गेलो. खडीचे ट्रक, धूळ, आणि वहिनी वाटभर पदराचं टोक पिळत होत्या. धाकटीचं घर कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. शेजारी कुठेतरी पत्रा कापायचा आवाज सारखा चालू होता. दार उघडून ती तशीच उभी राहिली. मग तिनं आधी डोक्यावर पदर घेतला, मग खुर्च्या पुसल्या, मग पाणी आणलं, आणि होळीच्या उरलेल्या गुजिया, म्हणजे इकडच्या करंज्या, एका ताटलीत मांडून आमच्यापुढे ठेवल्या. केस अर्धे पांढरे झाले होते. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती तरुण होती.

वहिनी बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "जे झालं ते झालं. तू बाहेर बोललीस, माझं घर उघड्यावर आलं. पण आता मला ते नको. मी तुला माफ करायला आलेय."

आता धाकटी म्हणेल, मी बोललेच नव्हते. आता शपथा, आता रडारड, आता वहिनी परत चिडतील. मी ताटलीकडे पाहत बसले. पत्र्याचा आवाज थांबला.

"हो जिज्जी," धाकटी म्हणाली. "चुकलं माझं." आणि ती वाकली वहिनींच्या पायाशी.

वहिनींनी तिला वरच्यावर धरलं. दोघी एकमेकींना घट्ट धरून रडायला लागल्या. म्हणजे झालं होतं. सगळं मिटलं होतं. गाठ सुटली, नातं जुळलं, मी मध्यस्थ, कुणाला काही सांगायची गरज उरली नव्हती. इतकी सुरेख गवाही आमच्या चर्चमध्ये आजवर कुणी दिली नव्हती. मी हलकी व्हायला हवं होतं.

मी मात्र हलकी झाले नाही. दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेऊन कुणीतरी मुकाट्यानं मान खाली घालतं, आणि खरा गुन्हेगार सुटतो, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. लोकांना सांगत आले. दर वर्षी गुड फ्रायडेला तीन तास बसून तिच्यावर रडत आले. पण ती कुणी माझ्यासाठी, माझ्या डोळ्यांदेखत, गुजियाच्या ताटलीपलीकडे उभं राहून केली तर पाहताना इतकी लाज वाटते, हे मला ठाऊक नव्हतं. आणि धाकटीला तर कुणी काही शिकवायलाही आलं नव्हतं.

"वहिनी," मी म्हटलं, "ती नाही बोलली. मी बोलले."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. गुरुवार, 'एक बहन', हिरवी स्कूटर, मान हलवली ते. आमटीचा डाव पातेल्यात ठेवून काय म्हणाले तेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला शब्द सापडत नव्हते. एकेक ओढून काढावा लागत होता. शेवटी म्हणाले, "माफ करा," आणि ते शब्द मी इतक्या जणांना वाटले होते की माझ्याच तोंडात ते शिळे लागले.

वहिनी धाकटीकडे वळल्या. "मग तू हो का म्हणालीस?"

"नऊ वर्षं नाही म्हणून पाहिलं ना जिज्जी," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही आल्या नाहीत. आज हो म्हटलं तर राहाल असं वाटलं."

वहिनी मटकन खाली बसल्या आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या. मोठ्या जावेनं धाकटीच्या मांडीवर. थोड्या वेळानं, मान वर न करता, त्या मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जा आता." मी गेले. ऑटोवाल्यानं वाटेत कुठे उतरायचं विचारलं तर मला पत्तासुद्धा दोनदा सांगावा लागला.

झावळ्यांच्या रविवारी पादरीसाहेबांनी माझ्याकडे अपेक्षेनं पाहिलं. माझ्याकडे आयुष्यातली एकमेव खरी गवाही होती आणि ती देता येत नव्हती, कारण दिली असती तर पुन्हा वहिनींचंच घर चर्चमध्ये उघडलं असतं. मी म्हटलं, "कुछ नहीं है।" सगळी मंडळी वळून बघायला लागली. गुरुवारी मी सभेला गेले नाही, तर नंतर कळलं की कुणीतरी विनंती सांगितली होती: एक बहन है, बहुत बोलती थी, अचानक चुप हो गई है, नाम नहीं लूँगी. नेमकी प्रार्थना झाली म्हणे.

धाकटी आता आठवड्यातून एकदा वहिनींकडे येते. भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू येतं. कशावर हसतात ते ऐकायला मी भिंतीजवळ जात नाही. जवळजवळ जात नाही. वहिनी जिन्यात भेटल्या तर बाजूला होऊन वाट देतात. चार महिने हे असंच चाललं. माफी मागितली की लगेच हातात मिळते असं मी लोकांना सांगायचे. आता कुणी विचारलं तर वाट पाहावी लागते एवढंच सांगीन, तेही विचारलं तर.

हे सगळं लिहावं असं वाटायला लागलं तेव्हा आधी मी शेजारचं दार वाजवलं. या वेळी न विचारता काही करायचं नव्हतं. वहिनी दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, "वहिनी, माझी चूक लिहून काढायची आहे. नावगाव काही येणार नाही. पण तुमची गोष्ट त्यात येते. नको म्हणालात तर नाही लिहिणार."

त्यांनी आधी दार अर्धं ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "हे प्यायचे ते तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत. सोडून सहा वर्षं झाली ताई. ते तुम्ही कुणाला सांगितलंत?"

मला ठाऊक होतं. सहा वर्षं ती स्कूटर संध्याकाळी सहाच्या सुमाराला, सरळ, माझ्याच खिडकीसमोर येऊन थांबते. आणि गुरुवारी कुणी विचारलं, "उस बहन के पति अब कैसे हैं?" की मी गंभीर चेहरा करून म्हणायचे, "प्रार्थना करते रहिए।"

"ते लिहा. आणि तुमच्या गुरुवारी सांगा," वहिनी म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

येत्या गुरुवारी सभेत उभी राहून सांगणार आहे, वहिनींनीच सांगायला सांगितलंय म्हणून. आणि इथे लिहिते आहे. यजमानांनी दारू सोडली आहे. सहा वर्षं झाली.